कोळ्यावर कोळी सोडायचा, तर बाजार हलवा

शेडनेटमधल्या काकडीवर लाल कोळी दिसला की पंप पाठीवर चढतो. फवारू नका, कोळी खाणारा कोळीच सोडा, असं आता सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे. पण सल्ल्याने शेती बदलत नाही.

१. हा उपाय चालतो का, ही शंका जुनी झाली. १९५०च्या दशकाअखेर चिलीहून जर्मनीत गेलेल्या ऑर्किडवर फायटोसियुलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी सापडला. लाल कोळी हेच त्याचं अन्न. साठच्या दशकातच हॉलंडमधल्या काकडीत तो कामाला लागला.

२. तरी स्पेनमधला अल्मेरिया फवारतच राहिला. हा प्लास्टिकखालचा मुलूख हिवाळ्यात युरोपला ढोबळी मिरची पुरवतो. २००६च्या अखेरीस तिथल्या मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल हे बंदी असलेलं औषध जर्मनीत सापडलं. खरेदीदारांनी डोळे वटारले आणि काही हंगामांतच बहुतेक मिरचीवर अँब्लिसियस स्विर्स्की हा परभक्षी कोळी सोडला जाऊ लागला. हा फुलकिड्यांची पिल्लं आणि पांढऱ्या माशीची अंडी खातो. कीड नसेल तेव्हा मिरचीच्या परागावर तग धरतो, म्हणून कीड येण्याआधीच पहारा बसवता येतो. ही सोय आधीही होती. माल अडला तेव्हा ती दिसली.

३. म्हणून पहिली मागणी बाजार समित्यांकडे. भाजीतला औषधांचा अंश नियमित तपासा, निकाल फलकावर लावा. युरोपला जाणारं नाशिकचं द्राक्ष तपासलं जातं. आपल्या ताटातली मिरची का नाही?

४. दुसरी मागणी पुरवठ्याची. हा जिवंत माल आहे, पार्सल उन्हात पडलं की संपला. आपल्याकडचा निओसियुलस लाँगिस्पिनोसस हा परभक्षी कोळी घेवड्याच्या रोपांवर लाल कोळी वाढवून त्यावर पोसता येतो. मित्रकिडींची ट्रायकोकार्डं बनवणाऱ्या कृषी विज्ञान केंद्रांनी हेही करावं.

५. तिसरी मागणी लेबलची. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारलं की मित्र कोळी मरतो आणि लाल कोळी उसळतो. हे बाटलीवर ठळक मराठीत छापा. दुकानदार सांगेल या भरवशावर राहू नका. त्याचं पोट बाटलीवर आहे.

६. 'मित्रकीड काम करेपर्यंत थांबायचा धीर आपल्या शेतकऱ्याला नाही,' असं म्हणणाऱ्यांनी २००२चा लोकरी मावा आठवावा. सांगली भागातल्या उसावर तो आला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनीच त्याला आवर घातला. वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरता येत नव्हतं, हेही खरं.