मुदतीचे शेजारी

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात वसलेल्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीला सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. म्हणजे सरकारी कागदांत ज्यांची गणना परकीयांत होते, ती मंडळी वयाने या जिल्ह्याहून वडील आहेत. १९७२ साली ही वसाहत झाली, आणि तेव्हापासून आसपासच्या गावांनी तिला ‘कॅम्प’ हे एकच नाव दिले आहे. दोन पिढ्या तेथे जन्मल्या, पहिल्या पिढीतील बहुतेकांना तेथल्याच मातीने पोटात घेतले, तरी नाव कॅम्पच राहिले.

वर्षातून एखाद्या वेळी, बहुधा लोसारच्या म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सुमारास, किंवा ६ जुलैला दलाई लामांच्या जन्मदिनी, आमच्या वृत्तपत्रांना या वसाहतीची आठवण होते. मग ‘मिनी तिबेट’ असा मथळा येतो, रंगीत पताका व गोम्पा यांचे छायाचित्र येते, आणि नवेगाव बांधला सहलीस येणाऱ्यांनी वाकडी वाट करून हेही स्थळ पाहावे अशी शिफारस होते. मला या कौतुकाचा मनापासून कंटाळा आहे. शेजाऱ्याच्या घराला प्रेक्षणीय स्थळ म्हणणे ही त्याच्याशी शेजारधर्माने न वागण्याची एक सभ्य रीत आहे, आणि पन्नास वर्षांच्या सहवासानंतरही आपण तिच्यातच समाधान मानतो, हे काही भूषणावह नव्हे.

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले, आणि त्यांच्या मागोमाग हजारो कुटुंबे हिमालय उतरून आली. या निर्वासितांना जमिनी द्याव्यात अशी विनंती पंडित नेहरूंनी राज्यांना केली, तेव्हा तत्कालीन म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला व १९६० साली बायलाकुप्पे येथे पहिली मोठी शेतकी वसाहत उभी राहिली. पुढे आजच्या छत्तीसगडातील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी अशी एकेक स्थळे निघाली, आणि बऱ्याच उशिराने भंडाऱ्याची पाळी आली. मैनपाट निदान पठार तरी आहे. हजार मीटरांहून अधिक उंचीवर वारा थोडा गार लागतो. आमचा झाडीपट्टीचा मुलूख म्हणजे धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि मोहाची झाडे यांचा सखल प्रदेश, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना लीलया स्पर्श करतो. ल्हासा साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. त्या उंचीवरील विरळ, कोरड्या हवेत ज्यांची फुप्फुसे घडली, त्यांना झाडीपट्टीच्या श्रावणातील दमट उकाड्यात आणि डासांच्या थव्यात आणून ठेवले गेले, याची कल्पना नुसती मनात आणली तरी त्या पहिल्या पिढीविषयी, विशेषतः त्या पिढीतील म्हाताऱ्यांविषयी, आदर वाटू लागतो. सातूचे भाजलेले पीठ, म्हणजे त्सम्पा, हे ज्यांचे अन्न, त्यांनी येथे येऊन पऱ्हे टाकायला, चिखलणी करायला आणि रोवणीच्या दिवसांत आभाळाकडे पाहायला शिकावे, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. जव, याक आणि मेंढ्या यांच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला पाण्यात उभे राहणारे पीक हीच मुळी विपरीत वस्तू वाटली असणार.

आता ती तशी वाटत नाही. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर उभा असलेला एखादा तिबेटी वृद्ध पाहावा: एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात छत्री, आणि तोंडाने मात्र रोवणीला आलेल्या बायांच्या मुकादमिणीशी गुत्त्याच्या दराची अस्सल झाडीपट्टी घासाघीस चाललेली. मण्यांची गती त्या घासाघिशीने थांबत नाही. मुकादमीणही त्यांना ‘बाबाजी’ म्हणत, दर मात्र पुरता वसूल केल्यावाचून बांधीत पाय घालीत नाही. उभयपक्षी चालणाऱ्या या व्यवहारात कोण यजमान व कोण पाहुणा, हे ठरविण्यास एखादा मामलेदार बसविला तरी त्याला निकाल देता येणार नाही.

शेती पोटापुरती, रोख पैसा बहुतांशी स्वेटरचा. दिवाळी उरकून गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, दंडारीचे ढोलके वाजू लागले, की कॅम्पातील घरांना कुलपे लागतात आणि लुधियानाहून उधारीवर आणलेला लोकरी माल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे शहरोशहरी पांगतात. गोंदिया, नागपूर किंवा त्याही पलीकडच्या एखाद्या शहरातील मोकळ्या मैदानावर ताडपत्रीचे दुकान लागते, बांबूला स्वेटर टांगले जातात, आणि मागे एका कोपऱ्यात स्टोव्हवर मीठ व लोणी घातलेला चहा उकळत असतो, जो गिऱ्हाईकाला सहसा देत नाहीत, कारण आपल्या लोकांचा चेहरा एका घोटात कसा होतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. अशाच एका दुकानात, गिऱ्हाईक बाईने स्वेटर उलटापालटा करून शिवण ताणून पाहिली, तेव्हा विक्रेती अगदी शांतपणे म्हणाली, “ताई, धुतला तरी रंग नाई जात, नाई जमला तं वापस आनून दे, मी संक्रांतीलोक इथंच हाव.” बाईने तरीही पन्नास रुपये कमी केलेच. हे मराठी कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. ते बाजारात, दवाखान्याच्या रांगेत आणि बसथांब्यावरच मिळते. असे मराठी बोलणारी ही स्त्री संध्याकाळी बाजारातून परतताना एखाद्या टवाळ पोराकडून ‘ए चायनीज’ ही हाक ऐकते, आणि ज्या राज्यसत्तेमुळे तिच्या आजोबांना घर सोडावे लागले तिचेच नाव आपल्याला चिकटवले जात आहे, हे त्या पोराला समजावून सांगण्याच्या भानगडीत न पडता पुढे चालू लागते.

वस्तुतः परक्याला सामावून घेण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. गोंडांना वगळले तर येथील जवळजवळ प्रत्येक जातीच्या आख्यायिकेत कुठून तरी येण्याची हकिकत आहे. पोवार आपले मूळ माळव्यातील धारला नेतात. कोहळी समाजाची परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजाने त्यांच्या पूर्वजांना काशीच्या बाजूने आणविले. आणि नवेगावचा तो विस्तीर्ण बांध ज्याच्या नावावर सांगितला जातो तो कोलू पाटील कोहळीच होता. पुढे त्या तलावाच्या काठी वनाधिकारी म्हणून राहून मारुती चितमपल्लींनी या अरण्याला मराठी साहित्यात कायमची जागा मिळवून दिली, तेही सोलापूरचे. आपल्याच तालुक्यातील अरुणनगर व आसपासच्या वस्त्यांत पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे आहेत, ज्यांची मासळी आज अर्जुनीच्या बाजाराची शान आहे.

चांद्याच्या गोंड राजांविषयी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते, आणि ती मला आजच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. जो रान तोडून जमीन लागवडीला आणील त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढे क्षेत्र, अशी त्यांची सनद होती. तुकूम या नावाने ही देणगी ओळखली जाई. तलाव बांधणारा कोठून आला, त्याचा बाप कोणत्या राजाची रयत होता, ही विचारपूस तीत मुख्य नव्हती. जमिनीशी केलेले श्रम हाच दाखला. ज्या राजवटीला आपण मागासलेली म्हणून मोकळे होतो, तिच्या दफ्तरात ही अक्कल होती.

आता आपल्या दफ्तराकडे यावे. भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. सबब तिबेटी माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘निर्वासित’ नव्हे, तर नोंदणी केलेला परकीय ठरत आला. त्याच्याजवळ नोंदणी दाखला असतो, त्याला मुदत असते, आणि ती संपण्यापूर्वी अर्ज, छायाचित्र आणि हेलपाटे यांचे नित्यकर्म पार पाडावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्ट नाही, पिवळ्या कव्हराचे ओळखपत्र. गंमत अशी की, नागरिकत्वाच्या १९५५च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत जो भारताच्या भूमीवर जन्मला तो जन्मानेच नागरिक. आणि तरीही हे कलम तिबेट्यांना लागू आहे हे मान्य करून घेण्यासाठी १९८६ साली भारतात जन्मलेल्या नामग्याल डोलकर या तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे डिसेंबर २०१० मध्ये निकाल मिळाला. २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. म्हणजे कॅम्पातील एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरात आजोबा परकीय, १९८० साली जन्मलेला मुलगा कायद्याने नागरिक, आणि नातवाचे काय ते त्याच्या जन्मतारखेवर व आईबापांच्या कागदांवर अवलंबून.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. परंतु २०१६ साली पुन्हा न्यायालयाने कान पिळल्यावर पासपोर्ट देण्याचे कबूल करताना सरकारने २०१७ मध्ये ज्या अटी पुढे केल्या त्यांत एक अशी होती की, अर्जदाराने तिबेटी वसाहतीत राहू नये. न्यायालयाने ज्याला जन्मापासून नागरिक ठरविले, त्याला नागरिक म्हणून वागविण्याची किंमत अशी की त्याने आपल्या आईबापांचे घर सोडावे! घरजावयालाही कोणी अशी अट घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही. या तर्कशास्त्राने गेले तर नोर्ग्येलिंगच्या तरुणाने निवड करावयाची ती अशी: धानाची बांधी, गोम्पा, म्हातारी आई व मुदतीचा दाखला एका बाजूला, आणि पासपोर्ट, मत व निराधार स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला. मग त्याने बंगळुरूचा अथवा परदेशाचा रस्ता धरला, आणि कॅम्पातील घरे वर्षभर कुलूपबंद राहू लागली, की आपण ‘तिबेटी संस्कृती लोप पावत आहे’ असा लेख लिहावयास मोकळे.

सर्वच तिबेट्यांना भारताचे नागरिकत्व हवे आहे असे मात्र कोणी समजू नये. कित्येकांनी तो परकीय दाखला जाणूनबुजून जवळ ठेवला आहे. तो टाकला तर आपला देश गेला हे आपणच कबूल केल्यासारखे होईल, अशी त्यांची धारणा आहे, आणि ती भाबडी म्हणून झटकून टाकण्याचा अधिकार स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या वंशजांना तरी नाही. माझे म्हणणे इतकेच की, नागरिक होणारा मुलगा आणि न होणारा बाप या दोघांना एकाच छपराखाली, एकाच बांधीवर सुखाने राहता आले पाहिजे. घराचा हक्क नागरिकत्वाच्या उत्तरावर टांगून ठेवण्याचे काही प्रयोजन नाही.

यावर एक आक्षेप आपल्याच जिल्ह्यातून येईल आणि तो हलका नाही. गोंड व इतर जंगलवासी कुटुंबांच्या वनहक्काच्या दाव्यांकडे बोट दाखवून कोणी विचारील की, आधी भूमिपुत्राला द्या, मग बाहेरच्याचे पाहा. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासी नसलेल्या जंगलवासीयाकडे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करण्याचा पुरावा मागितला आहे. तो कोठून आणावा या विवंचनेत कित्येक गरीब माणसे तहसिलीच्या पायऱ्या झिजवीत असतात. हे दुःख खरे आहे. पण त्याचा कर्ता कॅम्पातील शेतकरी नव्हे. श्रमाकडे न पाहता कागद मागणारे जे दफ्तर त्या गोंडाला वा कुणब्याला ताटकळत ठेवते, तेच तिबेट्यालाही मुदतीवर ठेवते. आणि एकाची तक्रार दुसऱ्याविरुद्ध वापरणे हे त्या दफ्तराच्या फार सोयीचे आहे.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा: “देशाचे नियम देशाचे, त्यांत भावना कशाला?” हे वाक्य मी ज्या दिवाणखान्यात ऐकले, तेथे अर्ध्या तासापूर्वीच न्यू जर्सीतील चिरंजीवांच्या ग्रीन कार्डाची रांग किती अन्यायकारक आहे, दहा वर्षे कर भरूनही त्या देशाने त्यांना कसे अधांतरी ठेवले आहे, याचे हृदयद्रावक वर्णन झाले होते. चिरंजीवांविषयी मलाही सहानुभूती आहे. ती सहानुभूती दिवाणखान्यापासून गोठणगावपर्यंत पोहोचण्यास मात्र विमानाची गरज नाही, एस. टी. पुरते.

२०१४ साली केंद्राने तिबेटी पुनर्वसनाचे धोरण जाहीर केले, त्यात वसाहतींच्या जमिनींसाठी राज्यांनी वीस वर्षांचे भाडेपट्टे करून द्यावेत आणि सरकारी योजनांचा लाभ या लोकांनाही मिळावा असे सुचविले. पूर्वीच्या मोघमपणापेक्षा हे निश्चित बरे. पण १९७२ पासून ज्याची अखंड वहिवाट आहे त्याला वीस वर्षांचा पट्टा ही मुदतवाढच झाली. बँकेचा अधिकारी तिच्याकडे पाहून कर्जाची फाइल बाजूला सारतो, आणि शेतकरी विहीर खोदावी की न खोदावी या विचारात हंगाम घालवतो. जमीन हा विषय राज्याचा आहे, त्यामुळे परराष्ट्रनीतीचे निमित्त सांगून दिल्लीकडे बोट दाखविण्याची सोय येथे मुंबईला नाही. वारसाहक्काने चालणारा, कर्जाला तारण ठेवता येईल असा आणि घरातील कोणी नागरिक झाला म्हणून रद्द न होणारा कायम पट्टा राज्याने द्यावा. जमीन तिऱ्हाइताला विकण्यास मनाई हवी तर खुशाल घालावी. आदिवासींच्या जमिनींना ती आहेच, आणि तिच्यामुळे त्यांची मालकी कोणी नाकारीत नाही. तलाठ्याच्या दफ्तरात त्याला कोणते सदर लावावयाचे ते महसूल खात्याने ठरवावे. अशा नोंदींचा अनुभव त्या खात्याला भोसल्यांच्या अमदानीपासून आहे.