रजा नव्हे, खाडा!

पूर्वी वर्षात २४० दिवस भरल्याशिवाय पगारी रजा मिळत नसे; आता १८० दिवस भरले की मिळेल. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्यापासून हा आकडा सरकार छातीठोकपणे सांगते आहे. तो ज्यांना लागू पडेल त्यांना आमच्या शुभेच्छा. पण ज्याचे कामाचे तास आणि दिवस दुसराच कोणी ठरवतो, त्याचे १८० दिवस भरू द्यायचे की नाही हेही तो दुसराच ठरवणार. दिवस भरू न देण्याची विद्या या राज्यात कोणाला शिकवावी लागत नाही. २४० चा नियम होता तेव्हा सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ मिळे, आता पाचव्यात मिळेल.

कामावर न येण्याला मराठीत दोन शब्द आहेत. पगारदार घेतो ती रजा, रोजंदार करतो तो खाडा. रजेचे पैसे मिळतात, खाड्याचे कापले जातात. ऊसतोडीत तर न केलेल्या कामाची मजुरी बुडतेच, वर मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीतून दंड वळता करतो. एका खाड्याला पाचशे रुपये हा दर २०१९ मध्ये बीडच्या गर्भाशयांची बातमी फुटली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती, पण पाळीच्या चार दिवसांत फडावर न जाणे परवडत नाही, हे त्यातले एक होते. पगारी सुटी हा ज्यांना चैनीचा विषय वाटतो त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

हे केवळ कोयत्याचे दुखणे नाही. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे हजारो ‘सीएचबी’ प्राध्यापक पीएच.डी. करूनही खाड्याचेच धनी आहेत. गणपतीची सुटी, दिवाळीची सुटी, परीक्षांचा काळ, तास नाही म्हणून पैसे नाहीत. ज्या सणाला कायम प्राध्यापक गावी जातो, त्या सणाला याचा महिना अर्धा होतो. बरे, दाद मागावी तर शिक्षक हा ‘कामगार’च नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात देऊन ठेवला आहे. विलायतेत अशीच एक तासांवर संगीत शिकवणारी शिक्षिका पगारी सुटीसाठी न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तिथल्या सरकारने नंतर नियम बदलून हात आखडता घेतला. तरीही अनियमित तासांच्या कामगाराच्या खात्यात आज प्रत्येक तासामागे १२.०७ टक्के इतकी रजा जमा होते, आणि ती पहिल्या तासापासून. १८० दिवस भरा, मग बघू, असे त्याला कोणी सांगत नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की ठरलेले उत्तर येते: आज इथे, उद्या तिथे काम करणाऱ्याचा हिशेब ठेवायचा कसा? हे उत्तर देताना कोणाला लाज वाटत नाही, याचेच आश्चर्य वाटते. घरपोच सामान आणणारा मुलगा कोणत्या सिग्नलला किती सेकंद थांबला, हे ज्या ॲपला कळते, त्याला त्याने वर्षभरात किती तास काम केले हे कळत नाही? दंड कापताना हिशेब बिनचूक असतो. तो बिघडतो देण्याची वेळ आली की. नव्या संहितांपैकी एकीने ॲपवाल्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के घेऊन सामाजिक सुरक्षा निधी उभारायचे ठरवले आहे. त्यात विमा आहे, म्हातारपणाची सोय आहे. आजारी पडलेल्या दिवसाची मजुरी तेवढी नाही.

आणि हिशेब ठेवता येतो, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. १९६९ च्या माथाडी कायद्याने तो ठेवून दाखवला. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि सुटीचा पगार देते. मालक बदलले तरी हक्क बदलत नाही. माथाडीच्या नावावर चालणारी खंडणीखोरी आम्हाला ठाऊक आहे, तिचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. पण पाठीवर पोते वाहणाऱ्याला पगारी सुटी देण्याची अक्कल अर्धशतकापूर्वी कागद-पेन्सिलीच्या काळात या राज्याला होती. ती आज कुठे गेली?

मुळात कामाच्या प्रमाणात रजा हे तत्त्व १८० दिवसांची अट घालणाऱ्या संहितेलाही अमान्य नाही. वर्षाच्या मध्येच काम सुटले, तर १८० दिवस भरले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात रजेचे पैसे द्यावेत, असे तीच संहिता म्हणते. म्हणजे रजा दर दिवसागणिक कमावली जाते, हे मान्य. मग ती कामावर असताना का मिळू नये? आणि दहापेक्षा कमी माणसे ठेवणाऱ्याकडे, घरकामात, मजूर नाक्यावर तर ही संहिता पोचतच नाही.

पण सरकारचे घड्याळ उलट्या दिशेने चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. तास वाढवण्याची घाई आणि सुटी देताना दिवस मोजण्याची काटेकोर वृत्ती, दोन्ही एकाच टेबलावरची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली १० जून १८९० रोजी. कारखान्यांत पगारी सुटी आणणारी १९४५ ची कायदादुरुस्ती मध्यवर्ती कायदेमंडळात मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर. त्यांची जयंती सरकार न चुकता साजरी करते.

सरकारला खरेच काही करायचे असेल तर सुरुवात फडापासून करावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतले जातात. त्यातला पहिला पैसा आजारपणाच्या, बाळंतपणाच्या आणि पाळीच्या दिवसांच्या मजुरीला द्यावा, आणि उचलीतून खाडा कापणाऱ्या मुकादमावर व त्याच्या कारखान्यावर गुन्हा दाखल करावा. २०२५ चे गाळप १ नोव्हेंबरला सुरू झाले, कोयते फडात पोचले आणि मुकादमाच्या वहीत खाडे मांडले जाऊ लागले.