दार उघडतं का, ते आधी बघा

६ डिसेंबर ही तारीख आपल्या घरांत आधीच वेगळ्या कारणांनी लक्षात असते. २०२५ मध्ये तिला आणखी एक जखम जोडली गेली. त्या रात्री गोव्यातल्या हडफडे गावात 'बर्च बाय रोमिओ लेन' या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या धाराशिवच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती बातमी आली. तिच्याखाली पहिला मेसेज होता, "अशा जागी गेलेच कशाला?" दोन-तीन जणांनी त्याला अंगठा दाखवला. मी गप्प बसलो.

नंतर कळलं की मेलेल्यांपैकी २० जण त्या क्लबचे कर्मचारीच होते. बरेच जण तळघरातल्या स्वयंपाकघरात धुरानं गुदमरून गेले. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळहून पोट भरायला आलेली मुलं होती ती. उमरगा, परंडा, नळदुर्गहून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कामाला जाणारी आपली मुलं याहून वेगळी आहेत का? आणि जे पाहुणे म्हणून गेले होते, त्यांचं काय? ते कुठं गेले यावरून त्यांच्या जिवाची किंमत ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

"गेलेच कशाला" या प्रश्नाची दुसरी अडचण अशी की तो विचारला की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. बाहेर पडायला वाट का नव्हती? परवानगी कुणी दिली, तपासणी कुणी केली? हे विचारायचं राहूनच जातं.

मुंबईच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर असंच झालं. गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंट-पबमध्ये आग पसरली, १४ जण गेले. वर पेट घेणारं छत होतं आणि बाहेर पडायची वाट अडलेली होती. बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथंच गुदमरले. त्यानंतर कारवाया झाल्या, पाडापाडी झाली. आठ वर्षांनी पुन्हा डिसेंबर, पुन्हा तेच.

आपल्या जिल्ह्यात नाइटक्लब नाहीत, म्हणून हा विषय आपला नाही असं वाटू शकतं. पण १८ मे २०२५ च्या पहाटे शेजारच्या सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यात मालकाच्या घरचेही होते आणि कामगाराच्या घरचेही. आग हिशेब विचारत नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. मागे खालाच्या मुलाच्या निकाहला एका हॉलमध्ये गेलो होतो. बायकांची बैठक वरच्या मजल्यावर, जिना एकच. जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग आणि बाजूला बिर्याणीच्या देगांसाठी आणलेले गॅस सिलिंडर. वर मागच्या बाजूला दुसरं दार होतं, पण त्याच्यापुढं सजावटीचा पडदा आणि खुर्च्यांची थप्पी. दाराला कुलूप. व्यवस्थापकाला विचारलं तर म्हणाला, "चावी मालकांकडं आहे, भाईजान." वर माझी अम्मी होती, बहिणी होत्या, लहान मुलं होती. आणि मी काय केलं? जेवलो, लिफाफा दिला, घरी आलो.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडं एक साधा नियम आहे: जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, तो बॅकअप नाहीच. दाराचंही तेच. अमेरिकेत बोस्टनच्या 'कोकोनट ग्रोव्ह' क्लबमध्ये १९४२ साली ४९२ माणसं मेली. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते गर्दीनं अडकलं. बाकीची काही दारं कुलूपबंद, काही आत उघडणारी. त्यानंतर तिथले दारांचे नियम बदलले.

नियम आपल्याकडंही आहेत. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ सालचा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीकडून तसं प्रमाणपत्र घेऊन ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. हॉल बुक करताना आपण एसी विचारतो, पार्किंग विचारतो. 'फॉर्म बी' कधी विचारलाय?

मृतांची आठवण ठेवायची म्हणजे काय, हे दिल्लीच्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांच्याकडून शिकावं. १३ जून १९९७ ला उपहार सिनेमाच्या आगीत ५९ जण गेले, त्यात त्यांची दोन्ही मुलं होती. त्यांनी इतर कुटुंबांना सोबत घेतलं आणि दोन दशकांहून जास्त काळ कोर्टाची पायरी सोडली नाही.

आपल्याला तेवढं नाही जमणार. पण डिसेंबरातला एक जुमा तर देता येईल. नमाजनंतर चार-पाच जणांनी आपल्या वापरातल्या जागा बघायच्या: मस्जिद, मदरसा, शादीखाना, अभ्यासिका, कोचिंग क्लास. दुसरं दार आहे का आणि ते हातानं ढकलून उघडतं का? जिना मोकळा आहे का? आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, आणि तो वापरता येणारी दोन माणसं तिथं असतात का? एकाच बोर्डावर किती वायरी लोंबतायत? जे चुकतंय ते मालकाला किंवा कमिटीला लेखी द्यायचं. ऐकलं नाही तर नगरपरिषदेत अर्ज, तरी नाही तर माहितीचा अधिकार.

झोपण्याआधी दिवे विझवा अशी ताकीद आपल्या पैगंबरांनी (स.) दिली होती, हे लहानपणी मकतबमध्ये ऐकलेलं आहे. म्हणजे आगीपासून सावध राहणं हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

पुढच्या महिन्यात घरात आणखी एक निकाह आहे. हॉल तोच. या वेळी बुकिंगची रक्कम देण्याआधी मी मागच्या दाराची चावी मागणार आहे. नाही मिळाली तर हॉल बदलू. घरात थोडी कुरबुर होईल, होऊ दे.