१.०५ ने गुणा आणि मोकळे व्हा?

सायकलच्या पॉवर मीटरचे आकडे चुकतायत असं कुणी म्हटलं की सल्ला तयार असतो. "अरे, घरच्या ट्रेनरशी ताडून बघ. पाच टक्के कमी येतंय ना? मग सगळ्या राइड्स १.०५ ने गुण." झालं कॅलिब्रेशन! सल्ला देणारे बहुतेक आपलेच आयटीवाले. ऑफिसात कुणी प्रॉडक्शन डेटाबेसवर 'व्हेअर' न लावता 'अपडेट' मारलं तर हेच लोक त्याला फाडून खातील.

मुळात मीटर वॅट मोजतच नाही. क्रँकमधले स्ट्रेन गेज धातूचा किंचितसा वाक मोजतात, त्यावरून टॉर्क निघतो, आणि टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे पॉवर. चूक असते टॉर्कमध्ये, आणि तिच्या दोन जाती आहेत. स्लोप चुकला तर प्रत्येक आकडा ठराविक टक्क्यांनी चुकतो. तिथे गुणाकार ठीक. पण शून्यच सरकलं असेल (पहाटेची गार सायकल उन्हात तापली की सरकू शकतं) तर टॉर्कमध्ये ठराविक भर पडते. समजा १ न्यूटन-मीटर. ९० केडन्सला त्याचे ९.४ वॅट होतात, ६० ला ६.३. म्हणजे सपाटीला २०० वॅटवर चूक ४.७ टक्के, आणि घाटात २५० वॅटवर जेमतेम अडीच. आता सांगा, कुठल्या एका आकड्याने गुणणार?

"आकडा चुकीचा असला तरी कायम तेवढाच चुकला की पुरे" असंही म्हणतात. स्लोपपुरतं खरं आहे. शून्य सरकलेलं असताना एफटीपीची टेस्ट सिंहगडाच्या घाटात द्यायची आणि इंटरव्हल्स सपाटीवर करायचे, तर तुलना दोन वेगवेगळ्या चुकांची होते. तीन महिने पहाटे पाचला उठून ताकद वाढली की नाही, एवढंच तर बघायचं होतं ना?

आणि तो ट्रेनर कुणी तपासलाय? तो मोजतो चेनच्या पलीकडे. चेनमध्ये थोडी पॉवर खर्च होते, त्यामुळे ट्रेनरचा आकडा क्रँकपेक्षा थोडा कमीच यायला हवा. दोन्ही तंतोतंत जुळवले की एक तरी हमखास बिघडवला.

तपासायचं तर वजन टांगा. मागचा ब्रेक दाबून क्रँक आडवा धरा, आधी रिकाम्या क्रँकचं रीडिंग घ्या, मग पेडलच्या अ‍ॅक्सलला २० किलो. १७२.५ मिमीच्या क्रँकला ३३.७ न्यूटन-मीटर यायला हवं. (९.८१ नको, पुण्यात ९.७८ धरा. फरक ०.३ टक्के, पण फुकट आहे!) जिमच्या प्लेटवर छापलेल्या किलोंवर विसंबू नका, काट्यावर तोला. ५, १०, १५ किलोलाही मोजून रेघ काढा. रेघेचा चढ म्हणजे स्लोप, आणि शून्य किलोला ती जिथे निघते तो ऑफसेट.

जुन्या फाइल्स दुरुस्त करायच्याच तर वॅटवरून केडन्स वापरून टॉर्कवर या, आधी ऑफसेट वजा करा, मग स्लोप लावा. तोही त्या दिवशीचा ऑफसेट लिहून ठेवला असेल तरच. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपी करा. आणि फक्त डावा पाय मोजून दुप्पट करणारं मीटर असेल तर उजव्या पायासाठी गुणक शोधत बसू नका, तो पाय मोजलेलाच नाही :)