रक्त पडते आहे, तरी तोंड बंद का?

घरातल्या कर्त्या पुरुषाला दिवसातून सात-सात वेळा शौचाला जावे लागते. कधी आव पडते, कधी रक्त. पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. पँट कमरेवर राहत नाही इतके वजन उतरले आहे. हे दोन-चार दिवसांचे नाही, चार-सहा महिन्यांचे दुखणे आहे. घरात सर्वांना ठाऊक आहे, वस्तीच्या सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभे राहणाऱ्या शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. तरीही त्यावर कुणी बोलत नाही. बोलते ती फक्त त्याची बायको, तेही रात्री, मुले झोपल्यावर, दबक्या आवाजात! आपल्या समाजातली किती माणसे अशा न बोललेल्या दुखण्याने गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आमच्या माहितीतल्या एका भगिनीचे उदाहरण घ्या. नवरा कंत्राटी सफाई कामगार. त्याला घेऊन ती आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. त्याने जुलाबाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने मूळव्याध म्हणून मलम दिले. तिसरीकडे, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, दीड दिवसाची मजुरी बुडवून नंबर लागला तेव्हा डॉक्टरने मान वर न करता विचारले, "दारू पितो का?" नवरा हो म्हणाला. झाले, तपासणी संपली! "दारू सोड" हा त्याचा इलाज. तिलाही सुनावले की तिखट कमी घालत जा. रोग्याच्या पोटाला हात नाही, डोळ्याची पापणी ओढून रक्त कमी झाले आहे का ते पाहणे नाही, गुदद्वाराची तपासणी तर दूरच. ती बाई तरीही हटली नाही. चौथ्या खेपेला तिने केसपेपरवर लिहून मागितले, "तपासले नाही असे लिहून द्या." तेव्हा कुठे पडद्याआड नेऊन एका शिकाऊ डॉक्टरने हातमोजा चढवला. एका मिनिटात बोटाला गाठ लागली.

एका मिनिटाची ही तपासणी आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसा लागत नाही. हातमोजा लागतो आणि तपासण्याची इच्छा लागते. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाच्या टप्प्यात असतात, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुस्तकातच शिकवतात. मग ती होत का नाही? गर्दी हे एक कारण आहे, आणि ते खोटे नाही. शेदीडशे रोगी तपासणाऱ्या डॉक्टरचेही हाल आहेत. पण तेवढेच कारण आहे असे आम्ही मानत नाही. ज्या देशात विष्ठा उचलणे हे जन्माने ठरवून दिलेले काम होते, त्या देशात विष्ठेशी जोडलेला रोगही अस्पृश्यच ठरतो. आणि तो रोग सफाई कामगाराला झाला तर अस्पृश्यता दुप्पट होते. ज्याने आयुष्यभर इतरांची घाण उपसली, त्याच्या आतड्याला हात लावायला कुणी तयार नाही. याला दुसरे कोणते नाव द्यायचे?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खूंच्या तो उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन विहाराची पाहणी करीत असताना तिथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. डोके तथागतांनी धरले, पाय आनंदाने धरले आणि दोघांनी त्याला खाटेवर ठेवले. नंतर संघाला बोलावून त्यांनी आजाऱ्याची सेवा हा नियमच घालून दिला. आपण वंदना रोज घेतो. हा प्रसंग मात्र आपल्या प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही.

आता रोगाविषयी थोडे स्पष्ट बोलू. शौचावाटे रक्त म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. बहुतेकांना मूळव्याध किंवा गुदद्वाराला चीर असते. काहींना मोठ्या आतड्याला व्रण पडणारा, वर्षानुवर्षे टिकणारा दाह असतो. आपल्या देशात आतड्याचा क्षयही आढळतो, आणि त्याची औषधे सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात. पण वरून ही सारी दुखणी एकसारखीच दिसतात, म्हणून अंदाजाने गोळी देणे हा गुन्हा समजला पाहिजे. शौचाची सवय तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ बदललेली असेल, रक्त पडत असेल, वजन घटत असेल, पुरुषाच्या अंगातले रक्त कारणाशिवाय कमी झाले असेल, तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झालीच पाहिजे. "अजून चाळिशी नाही, त्याला काय होतंय" ही समजूतही सोडून द्यावी. आपल्याकडे हा कर्करोग तरुणांनाही गाठतो. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने माणूस बरा होतो. उशीर झाला तर तोच रोग यकृतापर्यंत पोहोचतो.

या उशिरावर कुणाचा धंदा चालतो ते रेल्वे स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर वाचायला मिळते. मूळव्याध-भगंदर, बिनाऑपरेशन, हमखास इलाज! कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण पाटीवर कर्करोगाचे नावच नसते, मूळव्याधीचे असते. आत गेलेल्या माणसाला मूळव्याध आहे की गाठ, हे तपासणारे तिथे कुणी नसते. सहा महिने पुड्या खाण्यात जातात.

सरकारी बाजूही पाहा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि औषधोपचार त्यात बसतात. पण योजनेचे दार उघडते ते रोग ठरल्यावर. रोग कोणता हे शोधण्यासाठी जो खर्च होतो, बाहेरच्या तपासण्या, गाडीभाडे, बुडालेली मजुरी, तो गरिबाच्याच गाठीचा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले गेले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र त्या निर्णयाबाहेर राहिली, आणि मोठ्या तपासण्यांसाठी गरिबाला बहुधा तिकडेच पाठवले जाते. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तिथे उत्पन्नाचा दाखला घेऊन धर्मादाय विभागाचा समाजसेवक गाठावा, काउंटरवरच्या नकारावर परत फिरू नये. कामगार विम्यात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना ज्या विम्याचा पाया घातला गेला, तो कंत्राटदार आपल्या माणसांना लागू करतो का, हे विचारणे युनियनचे काम नाही काय?

आणि आता घरातली गोष्ट. नवऱ्यासाठी बायको चार दवाखाने पालथे घालते. बायकोला हेच दुखणे झाले तर? "बाळंतपणानंतर असे होतेच" म्हणून सासू गप्प करते, नवरा रिक्षासुद्धा बोलावत नाही. सार्वजनिक संडासाला दिवा नाही, कडी नाही, म्हणून आपल्या भगिनी दिवसभर पाणी पीत नाहीत, शौच दाबून ठेवतात; मग बद्धकोष्ठ आणि रक्त पडणे हे त्यांना रोजचेच वाटते. पुरुष डॉक्टरपुढे बोलायचे कसे, हा प्रश्न वेगळाच. सोबत जाणारा नवरा बाहेर बिडी ओढत उभा राहत असेल तर तिने कुणाच्या भरवशावर तोंड उघडावे? बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या आजारपणातून सावरण्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. तो मजकूर १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापला गेला नाही. जोडीदाराच्या सेवेची नोंद घेण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे होता, आपल्या पुरुषांनी एवढे तरी उचलावे की नाही!

डॉक्टरकडे जाताना सोबतीच्या माणसाने कागदावर लिहून न्यावे: किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, रक्त लाल की काळपट, वजन किती उतरले, घरात आधी कुणाला हा रोग होता का. "पोट बिघडलंय" असे मोघम सांगू नये, "शौचातून रक्त पडते" असेच सांगावे. तपासल्याशिवाय औषध घेऊ नये. केसपेपर आणि रिपोर्ट फेकू नयेत, एका पिशवीत ठेवावेत.

सरकारच्या कर्करोग तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग धरले आहेत, आतडे त्यात नाही. तोवर आपण काय करणार? १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या संघटना आरोग्य शिबिरे भरवतात. साखर तपासतात, रक्तदाब तपासतात, चष्मे वाटतात. त्याच टेबलावर आणखी एक प्रश्न विचारणारी एक भगिनी आणि एक बांधव बसवा, आणि एका बाजूला पडदा लावा. शौचातले लपलेले रक्त ओळखण्याची तपासणी स्वस्त असते. येत्या शिबिराच्या खर्चाच्या यादीत हारतुऱ्यांच्या वरती तिचा आकडा लिहायचा, एवढे या वर्षीच्या जयंती मंडळांनी ठरवावे.