ओतीव पोसायडन तेरलाही हवा

मी मूळचा लातूरचा, नांदेडला मुलांना चित्रकला शिकवतो. ग्रीक शिल्प म्हटलं की मुलं मोबाईलवर फोटो शोधतात. पण ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आपल्याच राज्यात, कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात उभा आहे. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सापडलेली ही ब्राँझमूर्ती वीतभरही उंच नाही.

तीही प्रतिकृतीच, रोमन काळातली. अभ्यासक तिची घडण लिसिपसच्या शैलीशी जोडतात. अलेक्झांडरच्या मूर्ती घडवणारा हा शिल्पकार. पण निर्विवाद त्याच्याच हातचं म्हणावं असं एकही शिल्प आज उरलेलं नाही. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येतं, त्यात बहुतेक मूर्ती गेल्या. लिसिपस आपल्यापर्यंत पोचला तो नक्कल करणाऱ्या अनाम कारागिरांमुळे. म्हणूनच ‘नुसती कॉपी आहे’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. मुंबईच्या जे. जे.त पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवूनच रेखाटन शिकले.

लातूरहून मुरूड, ढोकी ओलांडलं की तेर. हेच जुनं तगर. भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलं आहे. इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. पोसायडनची प्रतिकृती ठेवायला तेरच्या लामतुरे संग्रहालयाहून योग्य जागा मराठवाड्यात नाही.

पण ती फायबरची नको. सोनेरी रंग फासलेले पोकळ पुतळे चौकाचौकात पुरेसे झाले. तांबं-कथील वितळवून, हातानं ओतलेलीच हवी. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप, मग आच. मेण वाहून गेलेल्या पोकळीत धातू ओतायचा, साचा फोडायचा आणि कानशीनं दिवसचे दिवस घासत बसायचं. साचा एकदाच कामी येतो, त्यामुळे पुढच्या मूर्तीला पुन्हा मेणापासून सुरुवात. हे काम मराठवाड्यातल्या ओतारी घरांकडे सोपवावं, मजुरी चोख द्यावी. मुलांना ती मूर्ती हातात घेऊ द्यावी. धातूचं वजन आणि गारवा फोटोतून कळत नाही.

शेजारच्या पाटीवर ‘प्रतिकृती’ असं ठळक लिहावं, आणि बैठकीवर ओताऱ्याचं नाव, गाव आणि साल कोरावं. उद्घाटकाचं नाव नसलं तरी चालेल.