आठाचे दहा

मुंबई ते लंडन किती लांब? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं, तर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास, म्हणजे आठ तासांत पोचायला हवं, असा हिशेब आमच्या आत्याने किराणा यादीच्या पाठीवर मांडला. तिकिटावर मात्र जायला जवळजवळ दहा तास आणि यायला नऊ. "मधे कुठं चहाला थांबतं का रे ते?" थांबत नाही, वारा आडवा येतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी दोनशेचा वेगही सहज गाठतात. जाताना ते नाकावर आणि परतताना पाठीवर. शिवाय दोरा सरळ असला, तरी आकाश सरळ कुठं आहे? फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनवरून प्रवासी विमानं जात नाहीत, एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली; मग वळसा आलाच. लंडनच्या डोक्यावर पोचूनही उतरायला नंबर लागेस्तोवर विमान घिरट्या घालतं, ती वेळ वेगळीच. (वेळापत्रकात हे सगळं आधीच धरलेलं असतं, म्हणून कधीकधी विमान 'लवकर' पोचतं आणि आपण उगाच खूश होतो.) आत्या पूर्ण प्रवासभर समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत बसली. कॅस्पियन समुद्राजवळ समोरच्या वाऱ्याचा आकडा शंभराच्या वर गेला, तशी मेथीच्या ठेपल्याची घडी उलगडत म्हणाली, "कुंभार्ली घाटात आपली एसटी अशीच कण्हते."